कोरडा कंगवा

अख्खा रस्ता त्यांना मामा म्हणतो. ज्यांचे वडील मामा म्हणत ती मुलंही मामाच म्हणत, आणि आता त्या मुलांची मुलं खुर्चीवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून, केस कापून घेताना भोकाड पसरतात आणि मामांच्याच नावानं शंख करतात. सख्खा भाचा म्हणाल तर मामांना एकही नाही. एका खुर्चीचं सलून, समोर मोठा आरसा, मागे छोटा आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि बाकावर चार दिवसांपूर्वीचा पेपर, एवढ्यावर या माणसानं चाळीस वर्षं काढली.

केसांच्या बाबतीत मामांना कुणी काही शिकवलेलं खपायचं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते आधी पाण्याची फवाऱ्याची बाटली उचलायचे. फुस्स, फुस्स, फुस्स. मागून एकदा, दोन्ही कानांवर एकेकदा. मग कंगवा. कोरड्या केसाला कंगवा लावणं म्हणजे मामांच्या लेखी अडाणीपणा. "कोरडा केस हट्टी असतो, ओला केला की ऐकतो," हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की बाकावर बसलेलं पुढचं गिऱ्हाईक ते त्यांच्या आधीच पुरं करून टाकायचं. मामांना राग यायचा नाही. उलट वाटायचं, चला, लोक शहाणे होताहेत.

तर असा हा केसांतला माणूस, आणि केसांनीच त्याला एवढा मोठा दणका दिला, की अजून आठवलं तरी मामा कानाला हात लावतात. तेच सांगायला बसलोय.

मामांच्या घरी एक मांजर आहे. तिचं नाव बाईसाहेब. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी मामा दुकान झाडत होते. त्या दिवशी सगळी पिकल्या केसांची म्हातारी मंडळी येऊन गेलेली, त्यामुळे कोपऱ्यात करड्या केसांचा ढीग जमला होता. मामांनी ढिगाला झाडू लावला आणि ढीग उठून म्याव म्हणाला. मामा दोन पावलं मागे सरले. कापलेले केस उलटून बोलल्याचं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. बघतात तर मूठभर मांजरीचं पिल्लू, करडं, लांब केसांचं, आणि नजर अशी की मामांनीच तिची झोपमोड केल्याबद्दल माफी मागावी. दाढीच्या टॉवेलात गुंडाळून मामांनी ते घरी नेलं. "दोन दिवस राहू दे," म्हणाले. मामांची बायको, म्हणजे रस्त्याची मामी, त्या पिल्लाकडे बघत म्हणाली, "अहो, ही बघा कशी बघतेय! जणू आपणच हिच्या घरी पाहुणे आलोय. या, बाईसाहेब, या." झालं. दोन दिवसांची अकरा वर्षं झाली.

बाईसाहेबांचे केस म्हणजे काय सांगावं! गळ्याभोवती झालर, शेपूट बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी, पोटाखाली लोंबणारी लव. रोज दुपारी जेवणं आवरली की मामी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची, मांजर मांडीवर घ्यायची आणि मामांच्या दुकानातून बाद झालेल्या एका जुन्या कंगव्यानं अर्धा तास विंचरायची. निघालेले केस कागदात गुंडाळून टाकून द्यायची. पण हे सगळं दुपारचं, मामा दुकानात असताना. त्यामुळे मामी नेमकं करते काय, हे मामांनी कधी पाहिलंच नाही. संध्याकाळी घरी आलं की मांजर कशी मखमलीसारखी दिसते, एवढंच ते बघायचे. घरातली पुष्कळ कामं अशीच असतात. होत असतात तोवर ती कुणी करतंय, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी मामीच्या हातातून चहाचा कप पडला. मामी कपाकडे बघतच राहिली, आणि "अगं, लागलं का?" असं मामांनी विचारल्यावर तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. अर्धांगाचा झटका होता. बारा दिवस दवाखाना झाला. मामी घरी आली, महिन्याभरात काठी धरून चालायला लागली, शब्दही एकेक करून परत आले, अडखळत का होईना. पण उजवा हात मात्र रुसून बसला तो बसलाच. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर.

व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला, तो दाबायचा. मामीनं तो एकदा दाबून पाहिला, बोटं हलली नाहीत, आणि डाव्या हातानं तिनं चेंडू जो भिरकावला तो कपाटाखाली जाऊन बसला. एरवी भाजीवाल्यापासून वीजमीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी हुज्जत घालणारी ही बाई आता खिडकीपाशी नुसती बसून राहायची. मामा तिच्यासमोर विनोद करायचे, स्वतःच हसायचे, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

हात पहिल्यांदा हलवला तो बाईसाहेबांनी. एका दुपारी त्या मामीच्या मांडीवर चढल्या, तो निपचित पडलेला हात हुंगला आणि आपलं डोकं तळव्याखाली घुसवून ढुशी मारली. एकदा मारली, दोनदा मारली. लाड करून घ्यायची वेळ झालीय आणि नोकर मंडळी झोपलीत, असाच एकूण आविर्भाव. तिसऱ्या ढुशीला मामीची बोटं मिटली. थोडीशीच, पण मिटली. नेमक्या तेव्हाच व्यायामाच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, माझ्या चेंडूला त्या हात लावणार नाहीत. या मांजरीला लावतील. येत्या तीन-चार महिन्यांत हात जेवढा सुटेल तेवढा सुटेल, पुढे फार अवघड जातं. हिला जिवापाड जपा."

मामांनी ते अक्षरशः मनावर घेतलं. आणि इथेच घोळ झाला.

मामीच्या आजारपणात दोन-अडीच महिने मांजरीला कंगवा लागला नव्हता. कानामागे, काखेत, पोटाखाली गुंते झाले होते. बाईसाहेब दिवसभर स्वतःला चाटत बसायच्या आणि चाटतील तेवढे केस पोटात जायचे. एका सकाळी मामांनी चपलेत पाय घातला आणि पायाखाली काहीतरी गार, ओलं, लिबलिबीत लागलं. मामांना वाटलं उंदीर. चप्पल फेकून ते पलंगावरच चढले. मामी गालातल्या गालात हसली, हे त्या महिन्यातलं तिचं पहिलं हसू. उंदीर नव्हता. बोटाएवढा, लांबट, करड्या केसांचा घट्ट गोळा होता. बाईसाहेबांनी ओकून टाकलेला.

मामीची धाकटी बहीण रोज सकाळी येऊन मामीची अंघोळ-पांघोळ बघायची. तिनं नाक दाबलं. "भाऊजी, आजारी माणसाच्या घरात हे काय! देऊन टाका हो कुणाला तरी ती मांजर."

"देऊन टाकू? ही गेली तर तुझ्या ताईचा हात कोण हलवणार, तू?" मामा म्हणाले. "आणि केसांचंच दुखणं आहे ना? मग चाळीस वर्षं मी काय गवत कापत होतो?"

त्या संध्याकाळी मामांनी दुकानातून चांगला कंगवा आणला आणि सोबत फवाऱ्याची बाटली आणली. कमरेला टॉवेल गुंडाळला. बाईसाहेबांना टेबलावर ठेवलं आणि फुस्स, फुस्स, फुस्स.

"नको," मामी खिडकीपाशी बसूनच म्हणाली.

आता मामीचं 'नको' मामांना नवं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवा पंखा आणला तेव्हा नको, दुकानाला निळा रंग दिला तेव्हा नको, मिशा ठेवल्या तेव्हा तर चांगलंच नको. त्यामुळे या नकोकडेही त्यांनी नेहमीच्या सवयीनं कानाडोळा केला. मांजर फिस्कारली, पाठीची कमान केली, पण मामांनी तिचं मानगूट धरून झकास कंगवा फिरवला. ओल्या केसांतून थोडे केस निघाले. मामा खूश. खाली उतरल्या उतरल्या बाईसाहेब कपाटाखाली गेल्या आणि अंग कोरडं होईपर्यंत चाटत बसल्या. तासभर. मामा म्हणाले, "बघ, कशी टापटीप आवडते तिला."

आठवड्यात दुसरा गोळा पडला. मग तिसरा. मामांना वाटलं, आपलं काम कमी पडतंय. त्यांनी पाणी वाढवलं, मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सुरू केलं. जितकं विंचरावं तितके गोळे जास्त. पलंगाखाली, मेहुणीच्या पिशवीत, व्यायामाच्या बाईंच्या बुटाशेजारी. आणि दर खेपेला खिडकीजवळच्या खुर्चीतून मामीचं "नको" यायचंच, हळूहळू मोठं होत. मामा म्हणायचे, "अगं, तिच्या भल्यासाठीच करतोय." एवढा मन लावून चूक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग ती सकाळ उगवली. बाईसाहेब मान पुढे काढून, पोट आत-बाहेर करत ओकाऱ्या काढत होत्या आणि काही म्हणजे काही पडत नव्हतं. आदल्या दिवसापासून त्यांनी वाटीला तोंड लावलं नव्हतं. वाळूच्या टोपलीत काही केलेलं नव्हतं. मामीनं मांडीवर घ्यायला डावा हात पुढे केला तर आल्या नाहीत, जमिनीला चिकटून बसल्या. मामांनी पोट चाचपलं, ते टणक लागलं. गोळा मांजरीच्या पोटात होता, पण मामांच्या पोटात त्याहून मोठा आला.

"भाऊजी, बघत काय बसलात?" मेहुणी ओरडली. देऊन टाका म्हणणारी हीच बाई. तिनंच धुण्याची टोपली रिकामी केली, आत आपली शाल घातली, बाईसाहेबांना उचलून ठेवलं आणि म्हणाली, "ताईजवळ मी आहे. निघा!"

जनावरांचा दवाखाना दोन रस्ते सोडून. डॉक्टर म्हणजे तिशीची एक मुलगी, केस मागे करकचून बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिनं मांजर तपासली, पोटाचा एक्स-रे फोटो काढला, आणि दिव्यावर धरून मामांना दाखवला. "हे बघा, मामा. जठरात केसांचा गोळा अडकलाय, एक पुढे आतड्याच्या तोंडाशीही वाटतोय. अंगातलं पाणी पार कमी झालंय. सलाईन लावू, पोटातलं पुढे सरकायला औषध देऊ आणि दोन दिवस वाट बघू. नाही सरकलं तर पोट उघडावं लागेल. वय अकरा आहे. खोटं सांगत नाही, धोका आहे."

मामांनी बाईसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

"आता मला सांगा, लांब केसांची मांजर आहे, महिन्यात एखादा गोळा पडणं समजू शकते," डॉक्टर म्हणाली. "हिला किती पडतात?"

"आठवड्याला तीन."

"मग विंचरत नाही का तुम्ही?"

इथे मामांचा स्वाभिमान जागा झाला. "विंचरत नाही? डॉक्टर, माझं सलून आहे. चाळीस वर्षं. रोज दोन वेळा विंचरतो. आधी व्यवस्थित पाणी मारतो, मग..."

"पाणी मारता?"

"म्हणजे काय? कोरडा केस हट्टी असतो. ओला केला की..."

वाक्य पुरं करायला बाकावर कुणी नव्हतं. डॉक्टरनं मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "मामा, मांजर ओली झाली की काय करते?"

"चाटते," मामा म्हणाले.

ओल्या अंगाला चिकटलेले सुटे केस, ती तासभराची चाटाचाटी, सकाळ-संध्याकाळ. सगळं मामांच्या डोळ्यांसमोरून सरकलं. ज्या गोळ्यांसाठी ते मांजर विंचरत होते, ते गोळे तेच तिला भरवत होते. स्वतःच्या हातानं, बाटलीनं.

"ओल्या गुंत्याला कंगवा लावला तर तो आणखी आवळतो," डॉक्टर शेवटी म्हणाली. "माणसाचं गणित वेगळं, मामा. माणूस केस चाटत नाही. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" ते खरंच होतं. पण मामांना कुणीतरी खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

रिकामी टोपली घेऊन घरी जाणं फार जड गेलं. मामी दाराकडे डोळे लावून बसली होती. मेहुणी काही विचारणार तेवढ्यात मामा मामीच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाणी, चाटणं, गोळा, पोट उघडावं लागलं तर काय. काही लपवलं नाही. "मीच केलं गं हे," म्हणाले. "तुझ्या हाताचा एक आधार होता, तोच मी..."

मामी बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "मी... नको... म्हटलं... होतं."

"हो गं बाई, म्हटलं होतंस."

"रोज."

"रोज म्हटलं होतंस," मामा म्हणाले. मेहुणीला हसावं का रडावं कळेना, म्हणून ती चहा ठेवायला गेली.

ते दोन दिवस मामांचा जीव टांगणीला लागला होता. दुकान उघडलं, कारण घरी बसवेना. पहिलंच गिऱ्हाईक पोस्टमन. मामांनी सवयीनं बाटली उचलली आणि हात तसाच वर राहिला. बाटली खाली ठेवून त्यांनी पोस्टमनचे केस कोरडेच कापले. "मामा, आज पाणी नाही?" पोस्टमननं विचारलं. मामांनी नुसती मान हलवली, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं नळ गेला असेल. घरी तर आणखी वाईट. व्यायामाच्या बाई येऊन गेल्या, त्यांनी मामीचा हात उचलला, वळवला, सोडला. हात मांडीवर पडला आणि तसाच पडून राहिला, तळवा वर करून. मामी तिकडे बघतही नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. मामांच्या मनात आलं, मांजर गेली तर हा हात गेला. आणि हात गेला तर ही बाई पुन्हा कुणाशी भांडणार नाही. भांडण नको असं आयुष्यभर म्हणणारा माणूस, आणि आता त्यासाठी तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरचा फोन आला. मामा एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून फोनला धावले.

"मामा, पडले! अंगठ्याएवढे दोन. एक तोंडावाटे, एक खालून. पोट मऊ झालंय. आत्ताच तिनं वाटीभर खाल्लं आणि मला ओरबाडलं."

"ओरबाडलं? खरं ओरबाडलं?" मामांनी इतक्या आनंदानं विचारलं, की डॉक्टर हसायलाच लागली. गिऱ्हाईक तसंच अर्ध्या दाढीनं उठून उभं राहिलं, त्याला वाटलं मामांना नात झाली.

मामा दवाखान्यात पोचले ते धापा टाकत. डॉक्टरचे आभार कसे मानावे हे वाटेत त्यांनी चांगलं घोळवलं होतं, पण समोर गेल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, तू माझ्या घरातली दोन माणसं वाचवलीस." डॉक्टरनं मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली. फार वेळ लिहीत होती. मग तिनं सांगितलं, "कंगवा रोज. कोरडा. पाण्याचा थेंब नको. गुंता असेल तर बोटांनी सोडवायचा, नाही सुटला तर इथे आणायचा, कात्री घरी चालवायची नाही. ही पोटातले केस पुढे सरकवणाऱ्या औषधाची ट्यूब, आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढी, पंजाला लावा, ती आपणच चाटेल. पाणी पिऊ दे भरपूर, वाट्या दोन ठेवा. आणि पुन्हा कधी नुसत्या ओकाऱ्या काढल्या, एक दिवस जेवली नाही, तर वाट बघायची नाही."

मामांनी प्रत्येक वाक्यावर मान डोलावली. केसांबद्दल कुणीतरी त्यांना शिकवत होतं आणि ते शिकत होते. असं प्रथमच घडत होतं.

घरी मात्र नवीच पंचाईत. मामांच्या हातात कंगवा दिसला की बाईसाहेब कपाटाखाली. बाटली नाही, पाणी नाही, मामा रिकामा हात दाखवतात, गोड बोलतात, जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली बघतात, आतून नुसते दोन डोळे. तीन दिवस हाच प्रकार. मेहुणीनं घेतलं तर तिला ओरबाडलं. इकडे केस तर रोज निघणारच, चाटले जाणारच. पुन्हा गोळा होणार हे दिसत होतं, आणि या खेपेला कुणी वाचवेल याची खात्री नव्हती. बाईसाहेब एकाच माणसाच्या मांडीवर निवांत बसायच्या.

"दे... इकडे," मामी म्हणाली.

मामांनी कंगवा तिच्या डाव्या हातात दिला. मामीनं तो घेतला नाही. डाव्या हातानं मांजर धरायची होती. नजरेनंच तिनं उजवा हात दाखवला.

कंगवा पडला. मामांनी उचलून दिला. पुन्हा पडला. त्या दुपारी किती वेळा पडला ते मेहुणीनं मोजायचं सोडून दिलं. पण मामा धंद्यातले पक्के. वस्तऱ्याची मूठ घामानं घसरू नये म्हणून ते तिला कापडी पट्टी बांधायचे, तशीच त्यांनी कंगव्याची मूठ बांधून जाड केली आणि त्याला एक पट्टा शिवला, मामीच्या तळव्यावर बसेल असा. दुसऱ्या दिवशी कंगवा पडला नाही. नुसता मांजरीच्या पाठीवर टेकून राहिला. मग बाईसाहेबांनीच कंटाळून पाठ पुढे सरकवली, आणि कंगवा फिरला.

त्यानंतरचे दिवस काही एका रेषेत गेले नाहीत. कधी चार वेळा कंगवा फिरायचा, कधी मामी रागानं तो सोडून द्यायची आणि दोन दिवस हात लावायची नाही. पण कपाटाखालच्या चेंडूसारखा कंगवा काही भिरकावता येत नव्हता, कारण तिनं सोडला तर मांजर मरेल हे आता तिला माहीत होतं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असं औषध आमच्या पुस्तकात नाही. दोन महिन्यांनी मामी अर्धा तास विंचरायला लागली. कोरडं, मऊ, लवीच्या दिशेनं, पोटाखालीसुद्धा. मामा आता दुपारचं दुकान तासभर बंद ठेवून घरी येतात आणि ते बघत बसतात. अकरा वर्षं जे पाहिलं नव्हतं ते बघतात. निघालेल्या केसांचा पुंजका मामी कागदात गुंडाळते आणि मामा तो कचऱ्यात टाकायला नेतात, एवढंच काम त्यांच्याकडे आहे आणि त्यात त्यांना धन्यता वाटते. गेल्या दीड महिन्यात एकच गोळा पडला. तोही बाईसाहेबांनी सभ्यपणे फरशीवर टाकला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मामा दवाखान्यात जातात. ज्या मांजरींचे गुंते सुटत नाहीत, त्यांचे गुंते डॉक्टरच्या देखरेखीखाली मशीननं काढून देतात. हात कसला सफाईदार! डॉक्टर म्हणते, मामा, तुमच्यामुळे माझे निम्मे ओरखडे वाचले. मामा म्हणतात, तुझं देणं असं फिटायचं नाही, पोरी.

परवाची गोष्ट. दुपारी परत दुकानाला निघताना मामीनं हाक मारली. "अहो... बसा इथे."

"उशीर होतोय गं."

"बसा."

मामा तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले, पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवून. बाईसाहेबांना नुकतंच विंचरून झालं होतं, त्या बाजूला बसून पंजा चाटत होत्या. मामीनं पट्टा काढला. तळव्यावरचा पट्टा काढून ठेवून, नुसत्या बोटांत तिनं तो कंगवा धरला, दातांत करडे केस अडकलेला, आणि मामांच्या डोक्याला लावला. मामा दर गिऱ्हाइकामागे कंगवा औषधाच्या पाण्यात बुचकळून काढणारा माणूस. पण त्यांनी मान आणखी मागे कलती केली. श्वाससुद्धा जपून घेत होते. कंगवा कपाळापासून मागे गेला, मध्येच थांबला, थरथरला, पुन्हा निघाला. आयुष्यभर लोकांची डोकी धरली, पण आपलं डोकं कुणाच्या हातात देऊन असं बसणं त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा ते हलले नाहीत, न जाणो तिचा हात चुकायचा.

"झालं," मामी म्हणाली.

मामा उठून आरशात न बघताच निघाले. दुकानात मोठ्या आरशासमोर उभे राहिले तेव्हा कळलं. भांग नेहमी डावीकडे, तो उजवीकडे पडला होता, तोही नागमोडी, आणि डोक्यावर चार करडे केस मांजरीचे. त्या दिवशी जो आला तो हसला. पोस्टमन तर खुर्चीत बसायचंच विसरला.

"मामा, हे काय? कंगवा घ्या की! नीट करा आधी."

"हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "बायकोनं पाडलाय. उजव्या हातानं."